काटा खाली का आला?

श्रोतेहो, तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने मोटारीच्या इंजिनाबद्दल बोलावे, हे आपल्यापैकी काहींना जरा चमत्कारिक वाटेल. इंजिन हे मिस्त्रीचे काम आणि अनुमान हे आमचे काम, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून ठेवलेली असते. पण खरं पाहिलं तर चांगला मिस्त्री दिवसभर करतो ते अनुमानच. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. बाहेर काही खुणा दिसतात, एखादा आवाज येतो, कसला तरी वास येतो, आणि तेवढ्यावरून आत काय बिघडले असावे हे त्याला ठरवायचे असते. आपल्या नैयायिकांनी डोंगरावरचा धूर पाहून तिथला अग्नी ओळखला, तसेच हे. आज मी अशा एकाच खुणेविषयी बोलणार आहे. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीत तेलाचा दाब दाखवणारा काटा खाली येऊ लागला, तर त्यावरून काय समजावे आणि काय समजू नये?

बोलणे मोघम होऊ नये म्हणून एकच मोटार डोळ्यांपुढे ठेवू. तिचे नाव एम.जी.बी. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ही ठेंगणी, चपळ मोटार तयार होत असे. उघडी आणि छपराची अशा दोन्ही प्रकारच्या मिळून पाच लाखांहून अधिक मोटारी तिथून बाहेर पडल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा समुद्र ओलांडून अमेरिकेत गेल्या. कारखाना १९८० साली बंद झाला. पण मोटारी काही संपल्या नाहीत. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत हौशी माणसे त्या अजून जिवापाड सांभाळतात. इंजिन साधे, चार सिलिंडरांचे, १७९८ घन सेंटिमीटरचे. चालकासमोर वेग दाखवणाऱ्या घड्याळाशेजारी तेलाच्या दाबाचेही घड्याळ असते. आजच्या बहुतेक मोटारींत त्याच्या जागी नुसता एक तांबडा दिवा असतो. दिवा लागेपर्यंत मालक निर्धास्त. जुन्या मोटारीच्या मालकाला मात्र काटा सतत दिसतो, आणि सतत दिसणारी गोष्ट माणसाला सतत काळजीत पाडते.

आता समजा, एका गृहस्थाने अशी एक मोटार विकत घेतली. पहिल्या रविवारी तो तीस-चाळीस मैल हिंडून आला. दारात इंजिन मंद चालत असताना काटा पाहतो, तर दहा पौंडांच्याही खाली! शेजारचा जाणता म्हणतो, "बेअरिंगं गेली. क्रँकशाफ्ट घासून घ्या, इंजिन पुरते बांधायला काढा." गृहस्थाचा जीव खाली-वर होतो. एकीकडे खर्चाचा डोंगर. दुसरीकडे, दुर्लक्ष केले आणि निदान खरे निघाले, तर इंजिन रस्त्यातच अडकून कायमचे निकामी होण्याची भीती. त्याने काय करावे?

त्यासाठी आधी हा दाब येतो कुठून ते पाहू. इंजिनाच्या तळाशी तेलाचे चेंबर असते. पंप त्यातून तेल ओढतो आणि गाळणीतून मुख्य नळीकडे लोटतो. तिथून ते बेअरिंगांना जाते. आपली सर्वसाधारण समजूत अशी, की दाब पंप निर्माण करतो. ती अर्धीच खरी आहे. पंप फक्त तेल पुढे ढकलतो. दाब निर्माण होतो तो त्या तेलाला बाहेर पडायला अडचण होते म्हणून. बागेत पाणी घालताना रबरी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला, की पाणी जोराने उडते. नळ तोच, पाणी तेच. जोर आला तो अंगठ्यामुळे. अंगठा सैल करा, जोर गेला.

इंजिनात हा अंगठा म्हणजे बेअरिंगांतली फट. एम.जी.बी.च्या १९६४ च्या अखेरीपासूनच्या इंजिनात क्रँकशाफ्टला पाच मेन बेअरिंगं आहेत, कनेक्टिंग रॉडांची चार, आणि कॅमशाफ्टची तीन. म्हणजे बारा ठिकाणी तेल फटीतून झिरपून पुन्हा चेंबरमध्ये पडते. नव्या इंजिनात क्रँकच्या बेअरिंगांतली ही फट एक ते पावणेतीन हजारांश इंच, जवळपास आपल्या केसाच्या जाडीइतकीच. आता गंमत पाहा. दाब आणि तेल तेच ठेवले आणि ही फट दुप्पट केली, तर गळती दुप्पट होत नाही. ती आठपट होते. आणि तेल पातळ झाले तर त्याच फटीतून ते त्या प्रमाणात अधिक सुटते. २०-डब्ल्यू-५० या नावाने मिळणारे दाट तेल चाळीस अंशांवरून शंभर अंशांपर्यंत तापले, की आठ-नऊ पट पातळ होते. म्हणून सकाळी इंजिन थंड असताना काटा दिमाखात वर असतो, आणि दुपारी मैलोगणती फिरून आल्यावर तोच मान टाकतो. एवढ्यावरून कुणाला दोषी धरण्याचे कारण नाही.

आता आमच्या शास्त्राकडे वळतो. धुरावरून अग्नी ओळखता येतो, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, असा नियम आहे. याला व्याप्ती म्हणतात. पण हाच नियम उलटा करता येत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणू लागलो तर फसतो. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. आमच्या शेजारच्या जाणत्याने नेमकी हीच चूक केली. बेअरिंगं झिजली की गरम इंजिनात दाब कमी होतो, हे खरे. पण दाब कमी आहे म्हणून बेअरिंगं झिजली आहेत, हे त्यातून निघत नाही. दाब दुसऱ्या चार कारणांनीही कमी होतो. एवढेच नव्हे, तर दाब मुळीच कमी झालेला नसतो आणि फक्त घड्याळ खोटे बोलत असते, असेही घडते.

नैयायिकांनी पुढची वाटही दाखवून ठेवली आहे. अग्नीला ओल्या सरपणाची जोड असेल तर धूर निघतोच. म्हणजे एका खुणेला दुसऱ्या योग्य खुणेची जोड मिळाली, तर निष्कर्ष पक्का होतो. तेव्हा आपल्या गृहस्थाने करायचे ते हेच. खालच्या काट्याला दुसरी कोणती जोड मिळते ते पाहायचे. आणि पाहताना क्रम असा ठेवायचा, की जे स्वस्त, सोपे आणि परत जागेवर बसवता येण्याजोगे, ते आधी. महाग आणि मागे न फिरवता येणारे सर्वांत शेवटी.

एक गोष्ट मात्र या क्रमाच्याही आधी. चालत्या मोटारीत काटा एकदम शून्यावर आला, किंवा दाब पडला आणि खालून ठोके ऐकू येऊ लागले, तर तर्क करत बसू नये. मोटार बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. तेलावाचून धातूवर धातू घासू लागला, तर काही क्षणांत होणारे नुकसान मग कोणत्याही शहाणपणाने भरून येत नाही.

आता क्रम सांगतो. पहिली पायरी, तेल. मोटार सपाटीवर उभी करून, इंजिन बंद करून थोडे थांबावे आणि पट्टी काढून पाहावी. तेल कमी असेल तर वळणावर किंवा जोरात ब्रेक लावला की ते चेंबरमध्ये एका बाजूला पळते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि काटा क्षणभर कोसळतो. स्पोर्ट्‌स मोटार वळणे जोरात घेते, म्हणून तिच्यात हे लवकर जाणवते. मग तेलाचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर तेल पेट्रोलने पातळ झाले आहे. चोक अडकून राहिला किंवा कार्ब्युरेटर फार पेट्रोल देऊ लागला, की असे होते. तेल दुधाळ कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, आणि ते प्रकरण निराळे. शेवटी मागच्या मालकाने कोणते तेल घातले होते ते विचारावे. आजच्या मोटारींसाठी निघालेले पातळ तेल या जुन्या इंजिनात घातले, तर निरोगी इंजिनाचाही काटा खाली बसेल. नवे, योग्य प्रतीचे तेल आणि नवी गाळणी, एवढ्यावर कित्येक रोग बरे होतात.

दुसरी पायरी, साक्षीदाराची उलटतपासणी. सुरुवातीच्या एम.जी.बी.मध्ये तेलाच्या दाबाचे घड्याळ खरोखरीच तेलावर चालते. इंजिनापासून एक बारीक नळी घड्याळापर्यंत जाते. घड्याळाच्या आत चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. तिच्यात दाब आला की ती सरळ होऊ पाहते आणि काट्याला ढकलते. ऊजेन बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने १८४९ साली ही युक्ती शोधली. युक्ती पक्की आहे. पण पन्नास-साठ वर्षांत नळी चेपते, गाळाने तुंबते, काटा ढिला होतो. नंतरच्या काही गाड्यांत विजेवर चालणारे घड्याळ आले, आणि त्याचा इंजिनावरचा बोंडासारखा भाग तर हमखास दगा देतो. म्हणून खात्रीचे दुसरे घड्याळ आणून ते थेट इंजिनावरच्या तोंडाला जोडून पाहावे. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर शेजारच्या जाणत्याला चहा पाजून निरोप द्यायला हरकत नाही.

तिसरी पायरी, मोजणी. कागद-पेन्सिल घ्यावी. इंजिन नुसते सुरू करून नव्हे, तर दहा-पंधरा मैल चालवून पुरते तापवावे, आणि मग दोन आकडे लिहावेत. एक मंद गतीचा आणि एक मिनिटाला तीन हजार फेऱ्यांचा. या इंजिनासाठी कारखान्याने दिलेले आकडे असे: चालताना ५० ते ८० पौंड दर चौरस इंच, मंद गतीला १० ते २५. श्रोतेहो, नीट ऐका, मंद गतीला दहा पौंड हा आकडा कारखान्यालाच मान्य आहे! किती गृहस्थ याच दहा पौंडांना घाबरून इंजिन उघडायला निघतात! आणि मंद गती म्हणजे तरी काय? ती फार खाली लावलेली असली तर पंपच हळू फिरतो, आणि काटा अर्थातच आणखी खाली येतो.

हे आकडे बोलके असतात. थंडपणी दाब चांगला, गरम झाल्यावर मंद गतीला कमी, पण वेग वाढवताच पुन्हा वर, असे असेल तर पातळ तेलाचा किंवा झिजेचा संशय घ्यावा. मंद गतीला ठीक, पण कितीही वेग वाढवला तरी काटा चाळिसाच्या पुढे हलत नाही, असे असेल तर दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची स्प्रिंग कमजोर असावी. थंडपणीही कमी, गरमपणीही कमी, मंदही आणि वेगातही कमी, असे असेल तर ही झडप नीट बसत नसावी किंवा पंपाच्या ओढीत हवा शिरत असावी. सुरू केल्यावर काटा काही क्षण उठतच नाही आणि मग एकदम ठीक होतो, तेव्हा बहुधा रात्रभरात गाळणीतले तेल उतरून गेलेले असते.

चौथी पायरी, ती झडप. या इंजिनाच्या मागच्या अंगाला, डाव्या बाजूस, घुमटाच्या आकाराचा एक षट्कोनी नट दिसतो. पान्याने तो सोडवला की आतून स्प्रिंग आणि टोपीसारखी झडप बाहेर येते. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की ही झडप उघडून जादा तेल परत चेंबरमध्ये सोडते. तिच्या बैठकीवर कचऱ्याचा एक कण अडकला तरी ती पुरती मिटत नाही, आणि तेल बेअरिंगांकडे जाण्याऐवजी परस्पर परत जाते. झडप स्वच्छ करावी, तिच्यावर ओरखडे आहेत का पाहावे, स्प्रिंगची लांबी मोजावी. मोकळ्या स्प्रिंगची लांबी तीन इंच असायला हवी. अर्ध्या तासाचे काम, आणि खर्च नाहीच म्हटले तरी चालेल. इथे एक मोह होतो, त्यापासून सावध राहावे. काहीजण या स्प्रिंगच्या मागे जादा वॉशर घालतात आणि काटा वर आला म्हणून खूश होतात. वॉशरने झडप उघडण्याची मर्यादा तेवढी वाढते. मंद गतीला दाब त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतो, तेव्हा झडप मिटलेलीच असते, आणि मिटलेल्या दाराला जादा कडी लावून घरातली गळती थांबत नाही.

हाच न्याय दाट तेलाचा आणि बाटलीतल्या औषधांचा. काटा वर येतो, झीज तिथेच राहते, आणि थंडीच्या सकाळी काकवीसारखे ते तेल बेअरिंगांपर्यंत पोचायलाच उशीर लागतो. थर्मामीटर बर्फात ठेवून ताप उतरत नाही. शिवाय दाब जास्त म्हणजे इंजिन निरोगी, असेही नाही. घड्याळाच्या पुढची एखादी वाट तुंबली तर काटा उलट वर जातो, आणि पलीकडचे बेअरिंग मात्र कोरडे पडते.

इतके झाल्यावरही काटा खालीच राहिला, आणि तोही खात्रीच्या घड्याळावर, योग्य तेलात, स्वच्छ झडपेनिशी, तर मग पाचवी पायरी: चेंबर उतरवणे. आता पंपाच्या तोंडाची जाळी तुंबली आहे का, तिच्या जोडाचे पॅकिंग हवा ओढते आहे का, पंपाच्या फिरत्या भागांत खेळ किती, हे मोजून पाहता येते. झिजलेला पंप आणि झिजलेली बेअरिंगं घड्याळावर सारखीच दिसतात. त्यांचा निवाडा काट्यावरून होत नाही. फटी मोजूनच होतो.

आणि बेअरिंगांची स्वतःची साक्षही आधी घेता येते. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग सैल झाले तर टकटक असा हलका ठोका येतो. इंजिन बंद असताना एका सिलिंडरच्या प्लगची वायर काढून ती लोखंडाला पक्की टेकवावी आणि मग इंजिन थोडा वेळ चालवून पाहावे. त्या सिलिंडरवरचा भार जातो, आणि ठोका तिथलाच असेल तर तो मंदावतो. मेन बेअरिंगचा आवाज खोल, घुमणारा, चढावर वाढणारा. हीच ती ओल्या सरपणाची जोड! दाब कमी, फक्त गरमपणी कमी, वेगाने सुधारणारा, आणि वर हा ठोका. आता मात्र शेजारचा जाणता बरोबर ठरेल. तरीही क्रँकशाफ्ट घासायला पाठवण्याआधी बेअरिंगांचे शेल काढून पाहावेत. राखाडी थराखालून तांबूस रंग दिसू लागला, तर झीज झाली. मेणासारखा एक बारीक धागा मिळतो. तो बेअरिंगमध्ये ठेवून नट योग्य जोराने आवळले, की तो चेपून किती रुंद होतो त्यावरून फट कळते. शाफ्टवर चरे नसतील आणि तो मापात असेल, तर नुसते नवे शेल घालून काम भागते. आणि इंजिन बांधायचेच ठरले, तर कॅमशाफ्टच्या तीन बेअरिंगांना विसरू नये. क्रँकची नऊ बदलून ही तीन तशीच ठेवली, तर एवढा खर्च करून काटा पुन्हा खालीच दिसतो.

एवढी घाई टाळा म्हणून मी का सांगतो? क्रँकशाफ्ट घासून बारीक करता येतो. घासल्यावर तो पुन्हा जाड होत नाही. दर वेळी साधारण दहा हजारांश इंच धातू जातो, आणि अशा घासण्या तीन-चारच शक्य असतात. ज्या मोटारीचा कारखाना १९८० सालीच बंद पडला, तिच्या शाफ्टची एक घासणी निव्वळ शंकेपायी खर्च करणे, म्हणजे तिच्या पुढच्या मालकाच्या वाट्याची शिदोरी आज उधळून टाकण्यासारखे आहे. उलट, खरा ठोका ऐकून "जुनी मोटार आहे, चालायचंच" असे म्हणून महिनोन्‌महिने तशीच हाकणे, हाही तितकाच अपराध. घाबरून इंजिन उघडणारा आणि डोळे मिटून मोटार हाकणारा, दोघेही एकच गोष्ट टाळतात. ती म्हणजे तपास.

तेव्हा आपल्या गृहस्थाला माझे सांगणे एवढेच. मोटारीत एक छोटी वही ठेवा. महिन्यातून एकदा, इंजिन पुरते तापल्यावर, तेच दोन आकडे तारखेसह लिहीत जा. तेल कधी बदलले, कोणते घातले, तेही लिहा. एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही. वर्षभराच्या नोंदीत पंधरा पौंड पंधराच राहिले, तर निश्चिंतपणे फिरा. पंधराचे बारा, बाराचे आठ होत गेले, तर पावसाळ्याआधी घर शाकारतात तशी वेळेवर तयारी करा, पैसे बाजूला ठेवा, आणि चांगला मिस्त्री गाठा. त्याच्याकडे जाल तेव्हा वही बरोबर न्या. तो प्रथम वही उघडून वाचू लागला, तर माणूस योग्य आहे असे समजा आणि मोटार त्याच्या हवाली करा.